यादीतली मोकळी ओळ

बाई,

आधीच माफी मागते. शुद्धलेखनाच्या चुका होतील. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही आणि अक्षर तर तुम्हाला ठाऊकच आहे. वाण्याच्या यादीवर मी लिहिलेलं ‘साबण’ बघून तुम्ही विचारायचात, “शेवंती, ही मुंग्यांची रांग कुठे निघालीय गं?” मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काही वाचता-लिहिता येतं ते तुमच्या घरच्या वर्तमानपत्रावर. डोळे अधू झाल्यावर तुम्ही मला रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायला लावलंत. अग्रलेखात अडखळले की काठी आपटायचात. निधनवार्ता मात्र तुम्हाला सावकाश हव्या असायच्या. “ही गेली? माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एवढी काय घाई होती हिला?” तर बाई, या पानांत चुका निघाल्या तर अर्ध्या तुमच्या.

तुमची बातमी आली त्या दिवशीही मी पेपर मोठ्याने वाचला. सवयच ती. समोर खुर्ची रिकामी, चहा मी दोन कप केलेला. मूकपटात काम केलेली शेवटची अभिनेत्री, पुढे दिग्दर्शिका झालेली, शंभरीला दोन वर्षं कमी असताना गेली, असं छापून आलं होतं. सगळं बरोबर होतं. पण तुमच्या काठीचा आवाज त्यात नव्हता, आणि मला तो सारखा ऐकू येत होता.

आज ही वही घेऊन बसले आहे कारण तुमचा-माझा वाद अर्धा राहिला होता. तो कसा मिटला ते तुम्हाला सांगायला हवं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मरोळहून चालत यायचे. मी इतकं हळू बोलायचे की वाणी तीन-तीनदा विचारायचा. तुम्ही मला स्वयंपाकघर दाखवलंत, न्हाणीघर दाखवलंत आणि मागच्या खोलीच्या दाराशी थांबवलंत. “इथे झाडू नाही मारायचा. धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसायचं, आणि टेबलाला हात लावायचा नाही.” आत एका टेबलावर फिल्म गुंडाळायची दोन चाकं होती, कात्री होती, आणि पांढरे हातमोजे वाळत घातले होते. नखांना लावायच्या रंगासारखा वास यायचा. फिल्म चिकटवायच्या औषधाचा वास तो, हे नंतर कळलं. वर्षभराने तुम्ही तेच हातमोजे माझ्या हातात घालून मला फिल्मचं दुसरं टोक धरायला उभी केलीत. मला वाटलं, एवढ्या महागाच्या वस्तूला माझा हात लागला आणि काही बिघडलं नाही. घरी जाताना त्या दिवशी मी वाण्याशी एकदाच बोलले आणि त्याला ऐकू गेलं.

तिथेच तुम्ही मला तुमचे किस्से सांगायचात. तुमचे वडील स्टुडिओत पडदे रंगवायचे. त्यांचा डबा घेऊन गेलेली नऊ वर्षांची तुम्ही, आणि त्या दिवशी सिनेमात काम करणारी मुलगी आजारी पडलेली. कोणीतरी तुम्हाला उचललं, तोंडाला पिवळट पावडर फासली आणि उन्हात उभं केलं. नावापुढे ‘मिस’ लागलं.

“मूकपट म्हणजे सगळे मुके, असं तुला वाटत असेल ना?” तुम्ही म्हणाला होता. “अगं, आम्ही सारखे बोलायचो. आवाज जातच नव्हता तर कोण गप्प बसेल? हरवलेली मुलगी आईला सापडते असा सीन होता. आई मला छातीशी धरून हमसाहमशी रडतेय आणि मला सांगतेय, ‘तुझ्या डोक्यात उवा आहेत, घरी जाऊन आईला सांग.’ आणि मी तिला मिठी मारून म्हणतेय, ‘तुमच्या तोंडाला कांद्याचा वास येतो.’ थेटरात लोक पदर तोंडाला लावून रडले.”

त्या दिवशी मी इतकी हसले की हातातली फिल्म सुटली. तुम्ही रागावला नाहीत. उलट म्हणालात, “हसतेस की गं तू! मला वाटलं, ते खातं गावालाच ठेवून आलीस.”

मग बोलपट आले. यंत्रावर बसलेल्या माणसाने तुमचा आवाज ऐकला आणि कानावरचं काढून तो हसला. घोगरा आवाज, पुरुषासारखा. “तेराव्या वर्षी रिटायर झाले मी,” तुम्ही सांगायचात, आणि सांगताना तोच घोगरा आवाज मुद्दाम आणखी खाली न्यायचात. त्यानंतर तुम्ही फिल्म कापायच्या खोलीत बसलात. दुसऱ्यांचे सिनेमे जोडता जोडता कसा जोडायचा नाही तेही शिकलात, आणि मग स्वतःचे दोन केलेत. ते पेपरात आलं आहे. पेपरात आलं नाही ते बांगड्यांचं.

तुमच्या लहानपणीचा एकही सिनेमा उरला नव्हता. जुनी फिल्म विकत घेणारे असायचे. ते तिच्यातली चांदी काढून घेत आणि उरलेल्याच्या बांगड्या, टिकल्या करत. हे सांगितलंत त्यानंतर कित्येक दिवस मी बाजारात जुन्या बायकांच्या हातांकडे बघत होते. तुम्ही मात्र हसून म्हणायचात, “कोणाच्या तरी मनगटावर माझा गाल असेल. कोणाच्या कपाळावर डोळा. बरं आहे, लग्नाकार्यात तरी मिरवला असेल.” हसायचात, आणि मग चाकं उगीचच उलटी फिरवायचात.

आता भिंतीचं. हे आपण दोघी किती वेळा बोललो असू, तरी लिहिते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

तुमचा तिसरा आणि शेवटचा सिनेमा, चाळीस मिनिटांचा. घरातलं माणूस निघून गेल्यावर स्वयंपाकघरात दिवस कसा जातो, एवढाच. पैसे नव्हते म्हणून तुमच्याच स्वयंपाकघरात करायचा होता. मी तेव्हा भावाच्या लग्नाला गावी गेले होते. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. परत आले, दार उघडून आत गेले आणि ओट्यामागची भिंत बघून मला रडूच आलं. काळीकुट्ट, धुराने माखलेली. दहा दिवस मी नव्हते तर बाईंच्या घराची ही दशा! तुम्ही बँकेत गेला होता. मी पदर खोचला, धुण्याचा सोडा घेतला, काथ्या घेतला आणि ती भिंत दोन तास घासली. पांढरी होईतो घासली. वर जुन्या वर्तमानपत्राने पुसली.

तुम्ही आलात. पिशवी तशीच हातात. 

“शेवंती, भिंत धुतलीस?”

“होय बाई. काय झालेली हो! स्टो भडकला होता काय?”

“आठ दिवस,” तुम्ही म्हणालात, “आठ दिवस मी रॉकेलची चिमणी हातात धरून ती काळी केली. स्टुलावर चढून. माझ्या वयाच्या बायका नातवंडं सांभाळतात आणि मी भिंतीला धूर देत होते.”

मला वाटलं, काम गेलं. तुम्ही स्टुलावर बसलात आणि तो घोगरा आवाज घर भरून हसला. मग आपण दोघींनी दोन चिमण्या घेतल्या आणि भिंत पुन्हा काळी करायला घेतली. दोन दिवस लागले. तेवढ्यात नाटकातली जी बाई तुम्ही ठरवली होती तिचा दौरा निघाला आणि ती गेली. कॅमेरा भाड्याचा, एकाच दिवसापुरता उरलेला. खिडकीतून ऊन साडेदहाला यायचं आणि सव्वाअकराला जायचं. कॅमेरामन सारखा घड्याळ बघत होता.

“भिंत तू धुतलीस,” तुम्ही म्हणालात. “आता तूच बस.”

“मी? बाई, मला नाही जमायचं. मेले तरी नाही.”

“तांदूळ निवडता येतात ना? मग झालं. आणि लाजू नकोस, कॅमेऱ्यात आवाज जात नाही. मी बोलत राहीन, तू ऐक. आमच्या वेळी असंच असायचं.”

मी सूप घेऊन बसले. कॅमेरा शिवणयंत्रासारखा वाजत होता. त्यामागून तुम्ही बोलत होता, अगदी हळू, जनावराला चुचकारावं तसं. “निवड. घाई नाही. खडा सापडला, टाक बाजूला. आता हात थांबव. ऊन आलं बघ हातावर. आता मान वर कर. दारात कोणीतरी आहे. तुला त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही. आता सांग.”

मी मान वर केली आणि बोलले. काय बोलले ते माझं मलाच नंतर कळलं. बोलून झालं तरी तुम्ही थांबा म्हणाला नाहीत. यंत्र वाजतच राहिलं, मी बघतच राहिले. कॅमेरामनने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होता आणि पाठीला काजळी लागल्याचं तुमच्या लक्षातही नव्हतं.

“काय बोललीस गं?” तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. सिनेमात त्या जागी तुम्ही दुसरा आवाज भरला नाहीत, तिथे काहीच ऐकू येत नाही. माझे ओठ हलतात, एवढंच.

ऊन गेल्यावर मला भीती वाटली. आमच्या घरात सिनेमातली बाई म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गावाला सासू होती, दीर होते. यांची गिरणी बंद पडलेली, डोकं सदा गरम. मी तुमचे पाय धरले. “माझं नाव नको, बाई. यादीत नको, कुठेच नको. कोणाला सांगू नका.”

तुम्ही मला उठवलंत. “ठीक आहे. सांगणार नाही. पण दुसरं नावही घालणार नाही. तुझी ओळ मोकळी सोडेन.”

तसंच केलंत. सिनेमाच्या शेवटी नावं येतात. कॅमेरामन, फिल्म धुणारा, चहावालासुद्धा. त्यात एक ओळ आहे, ‘तांदूळ निवडणारी’, आणि तिच्यापुढे काही नाही.

पुढचं वर्ष आमचं वाईट गेलं. राहती जागा सोडावी लागणार होती. मरोळलाच एक खोली मिळत होती, सहा हजार कमी पडत होते. मी तुमच्याकडे मागितले नव्हते. मी नुसती भांडी घासताना रडत होते आणि तुम्ही बघितलंत. चार दिवसांनी तुम्ही पाकीट पुढे केलंत. त्याच दिवशी मागच्या खोलीतलं एक यंत्र मला दिसेना. विचारलं तर म्हणालात, “धूळच खात होतं.” धूळ! रोज ओल्या फडक्याने मीच पुसत होते ते.

पाकिटाबरोबर एक व्हाउचर होतं. त्यावर माझं नाव, सहा हजार रुपये, कामापुढे ‘भूमिका’, आणि खाली रेव्हेन्यू स्टॅम्प.

“सही कर. तुझा मेहनताना आहे.”

“नाही बाई. हे उसने. मी फेडीन. महिन्याला पन्नास.”

“काम केलंस त्याचे पैसे घ्यायला लाज कसली?”

“काम कुठे केलं? भिंत धुतली होती, त्याची भरपाई केली.”

“भिंतीची भरपाई दोन दिवस चिमणी धरून झाली,” काठी तेव्हा नव्हती, तुम्ही टेबलावर हात आपटलात. “हे वेगळं आहे.”

मी सही केली नाही. सही केली असती तर मी सिनेमात काम केल्याचं कागदावर आलं असतं. पैसे मात्र घेतले आणि दर महिन्याला पन्नासची नोट आणून देत राहिले. कधी चुकली, कधी दोन महिन्यांची एकदम दिली. तुम्ही ती मोजायचा नाहीत, बघायचाही नाहीत. फिल्मचा एक रिकामा गोल डबा होता, त्यात टाकायचात आणि झाकण लावायचात. म्हणायचात, “तुझेच पैसे तुझ्यासाठी ठेवतेय. बिनपगारी बँक आहे मी.”

दहा-अकरा वर्षांनी शेवटची नोट घेऊन आले, ती तुम्ही घेतलीच नाहीत.

“ही घेतली तर ते उसने होते हे मी मान्य केलं, असं होईल. घेणार नाही.”

मग दर दिवाळीला आपलं ठरलेलं. मी फराळाचं ताट आणि पन्नासची नोट पुढे करायची, तुम्ही डब्यातून व्हाउचर काढायचं. “सही कर.” “नोट घ्या.” “सही.” “नोट.” शेवटी करंजी खाऊन तुम्ही म्हणायचात, “कोडगी आहेस.” मी म्हणायचे, “तुमच्याकडूनच शिकले.” किती दिवाळ्या गेल्या अशा! मला राग आला नाही कधी. खरं सांगू, दिवाळी आली की त्या भांडणाची मी वाट बघायचे.

एकदाच तुम्ही दुखावून बोलला होता. डोळे तेव्हा जवळजवळ गेले होते. माझा हात धरून बांगड्या चाचपल्यात आणि म्हणालात, “माझं तोंड यात गेलं, शेवंती. कोणी ओळखायचं म्हटलं तरी उरलं नाही. तुझं उरलंय. मी जपून ठेवलंय. आणि तू म्हणतेस नाव नको.”  मी म्हणाले, “बाई, काचेच्या आहेत या.” किती मूर्खासारखं बोलले! ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे.

तुम्ही गेलात आणि तुमच्या बहिणीची नात, मृणालताई, बोरिवलीहून येऊन राहिल्या. कॉलेजात शिकवतात, पण गर्व नाही. स्वतः कप विसळतात. त्यांनी ठरवलं की रविवारी अंधेरीच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तुमचा शेवटचा सिनेमा दाखवायचा. तुम्ही तो कधीतरी सीडीवर करून घेतला होता. गुरुवारी त्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून तो बघत होत्या आणि मी चहा घेऊन गेले.

बाई, मी तो कधीच बघितला नव्हता. तुम्ही दाखवतो म्हणायचात आणि मी काहीतरी काम काढायचे. आणि आता अचानक ती काळी भिंत समोर. सूप. माझे हात. ऊन.

“शेवंतीमावशी,” मृणालताई म्हणाल्या, “ही बाई कोण ओ? तुम्ही तेव्हा होतात ना आजीकडे? काय बघतेय ना ही! मी चार वेळा मागे नेऊन बघितलं. नाटकातली असेल का?”

पडद्यावरची मी अठ्ठावीस वर्षांची होते, डोक्यावर पदर, अर्ध्या तोंडावर ऊन. त्यांना कसं ओळखू येणार? 

“नाय बाबा,” मी म्हणाले. “मला नाही माहीत.”

“कॅमेरामनच्या घरी फोन केला. ते जाऊन दहा वर्षं झाली. सांगणारं कोणी राहिलंच नाही. यादीत पण रिकामं सोडलंय. आजी अशी विसरायची नाही खरं तर.” त्या पेन चावत विचार करत होत्या. “मग मी तिथे ‘अज्ञात’ लिहिते. रिकामं बरं दिसत नाही.”

मी स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. तुम्ही तीस-बत्तीस वर्षं शब्द पाळला होता. घरच्या माणसांनाही सांगितलं नव्हतं. ओळ मोकळी ठेवलीत ती मी कधीतरी येऊन बसावं म्हणून, एवढं मला चौथी शिकलेलीला कळत होतं. आता तिथे अज्ञात येऊन बसणार. मोकळ्या जागेत जाता येतं, बाई. कोणी बसलं की झालं.

घरी गेले. दुपारचं जेवण वाढलं. हे दोन घास जेवले आणि थांबले.

“काय झाला गो? आमटीत मीठ नाय.”

मी मीठ वाढलं. मग तशीच हातात चमचा धरून सगळं सांगितलं. भिंत, तांदूळ, कॅमेरा, मोकळी ओळ. त्यांच्याकडे न बघता सांगितलं. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते सगळं चार वाक्यांत संपलं.  वर पंखा किरकिरत होता. मला वाटलं, आता ताट सरकवणार.

“मगे,” हे म्हणाले, “पैशे किती गावले?”

माणूस खरंच तेच विचारत होता.

“ही खोली,” मी म्हणाले.

त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. “म्हंजे मी तुझ्या खोलयेत रवतंय तर.” आणि भात कालवायला घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, “पंखो मात्र माझो हां.”

बाई, तुम्ही असता तर घर भरून हसला असता. मला एकाच वेळी हसूही येत होतं आणि रागही. तीस वर्षं! किती जपून राहिले मी! तुम्ही कितीदा सांगितलं असेल, “एकदा विचारून तर बघ त्याला.” ते मी ऐकलं नाही, त्याची भरपाई आता कशी करू?

शुक्रवारी सकाळी मी चपला काढल्या न काढल्या तोच मृणालताईंसमोर जाऊन उभी राहिले. रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं, ते विसरले.

“अज्ञात नको,” मी म्हणाले.

“काय म्हणालात मावशी? जरा मोठ्याने बोला.”

“अज्ञात नको. ती मी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग परत माझ्याकडे. उठल्या, माझ्या डोक्यावर माझाच पदर ओढला आणि मला खिडकीशी उन्हात नेऊन उभं केलं. तुम्ही केलं असतंत अगदी तसंच. रक्तच ते.

“अय्यो मावशी!” एवढंच म्हणाल्या आणि मला मिठी मारली. मला तुमच्या उवांची आणि कांद्याची गोष्ट आठवली आणि मी त्यांच्या खांद्यावर हसायला लागले. त्यांना वाटलं रडतेय. मग खरंच थोडी रडले.

रविवारी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. मी शेवटच्या रांगेत बसणार होते, यांनी ऐकलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि मला शेजारी बसवलं. सिनेमा चालू झाला. मोठ्या पडद्यावर माझे हात केवढे दिसत होते! खडा टाकते तो आवाजसुद्धा ऐकू यावा असं वाटत होतं. मान वर केली तेव्हा मला वाटलं, मी बाईंकडे बघतेय. आणि तुम्ही होतातच की तिथे, कॅमेऱ्याच्या मागे, काजळी लागलेल्या पाठीने. तुमचं तोंड बांगड्यांत गेलं म्हणायचात. मला तरी ते त्या पडद्यावर दिसलं. माझ्या तोंडावर जे ऊन होतं त्यात दिसलं.

शेवटी नावं आली. ‘तांदूळ निवडणारी’ आणि पुढे ‘शेवंती’. एवढंच लिहा, आडनाव नको, असं मीच सांगितलं होतं. सगळी लाज एका दिवसात जात नाही. यांनी मागे वळून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, “आमच्या घरातला मानूस हां तां!” मी जमिनीत गेले. पण गेले ती हसत गेले.

बाहेर पडताना मृणालताईंनी विचारलं, “मावशी, त्या सीनमध्ये तुम्ही काय बोललात?” मी म्हटलं, आधी बाईंना सांगते, मग तुम्हाला.

तर ऐका. तुम्ही म्हणालात ना, दारात कोणीतरी आहे, त्याला सांग. मला माझी आई दिसली. चौथीनंतर धाकटी भावंडं सांभाळायला तिने मला घरी बसवलं तेव्हा मी काही बोलले नव्हते. पाटी नेऊन माळ्यावर ठेवली, झालं. त्या दिवशी, उन्हात, मी तिला सांगितलं, “आई, मला शाळेत परत घाल.” अठ्ठावीस वर्षांची घोडी मी! म्हणून तुम्हाला सांगायची लाज वाटली. पुढे तुम्ही मला पेपर वाचायला बसवलंत तेव्हा माझ्या मनात आलं, बाईंना ऐकू तर नव्हतं गेलं?

काल सोमवारी घर आवरायला घेतलं. मागच्या खोलीत डबे होते, त्यातला एक हलवला तर आतून वेगळाच आवाज आला. मृणालताईंनी झाकण उघडलं. पन्नासच्या नोटा, दहा-दहाच्या गड्ड्या, प्रत्येक गड्डी फिल्मच्या कापलेल्या तुकड्याने बांधलेली. एकही नोट खर्चलेली नव्हती, बाई. घरात गॅसला पैसे नव्हते ते दिवस मी बघितले आहेत. तेव्हाही तुम्ही हा डबा उघडला नाहीत. सगळ्यात वर ते व्हाउचर, पिवळं पडलेलं. स्टॅम्पचा डिंक जाऊन तो सुटला होता.

“हे काय आहे मावशी?”

मी सांगितलं. सगळा दिवाळीचा वाद सांगितला, नोट आणि सही. त्या डबा मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मग त्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि माझ्या पुढे ठेवलं.

मी स्वयंपाकघरात गेले. सकाळचा भात होता, त्याचं एक शीत आणून स्टॅम्प चिकटवला. वाळेपर्यंत फुंकर घातली. मग त्यावर सही केली. शेवंती. अर्धं अक्षर स्टॅम्पवर, अर्धं कागदावर, जसं तुम्ही दाखवलं होतंत तसं. मुंग्यांची रांगच आली, पण वाचता येते.

मग माझ्या पाकिटातली ती शेवटची पन्नासची नोट काढली. किती वर्षं तिची घडी मोडली नव्हती. घडीवर ती विरली होती. ती शेवटच्या, एक नोट कमी असलेल्या गड्डीत घातली आणि फिल्मचा तुकडा परत गुंडाळला. आता ती घ्यायला नाही म्हणायला तुम्ही नव्हता आणि सही करायला नाही म्हणायला मीही नव्हते.

मृणालताईंनी दोनदा मोजले. सहा हजार पुरे भरले. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सही झाली, म्हणजे हे तुमचेच. आजीकडे तुमचे पैसे काही राहिले नाहीत ना आता?”

“नाही,” मी म्हणाले. “सगळे मिळाले.”